पीस कुणी वाजवला ते पण लिहा

गिरगावात आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे, ते सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवायचे. मी कळत्या वयाचा झालो तोवर त्यांचं काम जवळजवळ बंदच झालेलं, पेटी कपाटावर गेलेली, पण संध्याकाळी कॉमन गॅलरीत खुर्ची टाकून मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन विविध भारती ऐकत बसायचे. एकदा 'रसिक बलमा' लागलं होतं. मी कठड्याला टेकून उभा होतो, लताबाईंचा आवाज सगळ्या गॅलरीत पसरलेला, आणि मुखडा संपत आला तसे काका खुर्चीत सरळ होऊन बसले आणि म्हणाले, "आता आम्ही."

एवढंच म्हणाले. पुढचे काही सेकंद त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं खुर्चीच्या हातावर वरखाली सरकत होती, मध्येच एक बोट जागच्या जागी थरथरवत होते, आणि अंतरा सुरू झाला तशी बोटं थांबली. ते गाणं मी तोवर शंभर वेळा तरी ऐकलं असेल, पण तिथे एवढी व्हायोलिनं आहेत, ती एका सुरात वर चढतात आणि मग दोन फळ्यांत वाटली जातात हे मी कधी ऐकलंच नव्हतं. लताबाई परत कधी गायला लागतात याची वाट बघण्यातच मधला वेळ जायचा.

आता मला जे म्हणायचंय ते सरळ म्हणतो. जुन्या गाण्यांवर आपण एवढं प्रेम करतो, त्यावर रडतो, भांडतो, कार्यक्रम करतो, पण ते प्रेम चार-पाच नावांवरच थांबतं. गायक, संगीतकार, गीतकार, पडद्यावरचा हिरो, झालं. गाण्याचा निम्मा वेळ जे वाजत असतं, शब्दांच्या मधले ते वाद्यांचे तुकडे, ज्यांना धंद्यात 'पीस' म्हणतात, ते ज्यांनी बसवले आणि ज्यांनी वाजवले त्यांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. ही नावं गोळा करून ती गाण्याला कायमची जोडणं हे आता सार्वजनिक काम मानलं पाहिजे, म्हणजे अॅपवाल्यांनी, रेकॉर्ड कंपन्यांनी, सरकारी अर्काइव्हने आणि आपण रसिकांनी सगळ्यांनी मिळून करायचं काम. आणि ते आत्ताच करायचं, कारण ज्यांना आठवतं ती माणसं ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.

नाव नसणं ही या धंद्यात पहिल्यापासूनची गोष्ट आहे. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, त्यात सात गाणी होती, आज त्या सिनेमाची एकही प्रिंट नाही आणि गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या, म्हणजे भारतातलं पहिलं सिनेगीत आता कुणालाच ऐकता येणार नाही. त्या सुरुवातीच्या वर्षांत गाणं शूटिंगच्या जागीच रेकॉर्ड व्हायचं, त्यामुळे वाजवणारे झाडाआड, पडद्याआड, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे दडून वाजवायचे. प्लेबॅक आला, म्हणजे गाणं आधी रेकॉर्ड करून शूटिंगला नुसते ओठ हलवायची पद्धत, मंडळी स्टुडिओत गेली, लपायचं कारण संपलं, पण नावं काही पुढे आली नाहीत.

गायकांनासुद्धा नाव आयतं मिळालेलं नाही बरं का. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' तबकडीवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला विचारून भंडावून सोडलं की ही गाते कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. फिल्मफेअरमध्ये गायनाला बक्षीसच नव्हतं, 'चोरी चोरी'च्या संगीताला पुरस्कार मिळाला तेव्हा लताबाईंनी समारंभात 'रसिक बलमा' गायला नकार दिला, की गायकाला बक्षीस नाही तर मी कशाला गाऊ, आणि १९५९ पासून ते बक्षीस सुरू झालं. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी तर २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलावा लागला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी किती पोटतिडकीने बोलले ते आठवत असेल. म्हणजे प्रत्येक नावासाठी कुणीतरी अडून बसलंय, तेव्हा ते नाव आलंय. वाजवणाऱ्यांसाठी अडून बसायला कुणी नव्हतं.

उलट त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक अट आहे जी वाचून मला फार वाईट वाटलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा आणखी कुठेच येत नाही, तो एका मर्यादित हक्कापुरता सोडून 'परफॉर्मर' धरला जाणार नाही. आता चाळीस व्हायोलिनं मिळून जो पीस वाजवतात त्याला मी तरी प्रासंगिक म्हणणार नाही, पण बघा ना, नाव न लिहायचा रिवाज कुणी पाडला? ज्यांच्या हातात श्रेयनामावली होती त्यांनीच. आणि तोच रिवाज पुढे कायद्यात माप म्हणून आला. म्हणून मला नाव लिहिण्याचा मुद्दा नुसता भावनेचा वाटत नाही.

आता थोडं प्रत्यक्ष ऐकू या, कारण ऐकल्याशिवाय हा मुद्दा पटत नाही.

'नागिन', १९५४, 'मन डोले मेरा तन डोले'. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ती धून वाजवली नाही असं कधी झालंय का, रुमाल तोंडात धरून नागीण डान्स करणारा एक तरी मामा प्रत्येक घरात असतोच. आपण सगळे समजतो की ती गारुड्याची पुंगी आहे. ती पुंगी नाही. क्लॅव्हिओलिन नावाचं एक छोटं इलेक्ट्रिक कीबोर्डसारखं वाद्य आहे, वाजवलंय कल्याणजी यांनी, आणि सोबत हार्मोनियमवर रवी. हेमंतकुमार संगीतकार. कल्याणजी पुढे कल्याणजी-आनंदजी झाले, रवी पुढे 'चौदहवीं का चाँद'चे रवी झाले, म्हणून आपल्याला त्यांची नावं माहीत झाली. ते दोघे आयुष्यभर वादकच राहिले असते तर? तर देशातल्या बहुतेक सगळ्यांना पाठ असलेला तो पीस कुणाच्या हातचा आहे हे आज कदाचित सांगता आलं नसतं.

किंवा 'आवारा', १९५१, 'घर आया मेरा परदेसी'. डोळे मिटून फक्त ढोलक ऐका, एकदाच ऐका, लताबाईंकडे मुद्दाम दुर्लक्ष करून. शब्द कुठे संपतोय हे ओळखून ती थाप बरोबर त्या फटीत पडते, मध्येच घट्ट होते, मध्येच सोडून देते, अंतऱ्यातून मुखड्यावर येताना असा काही झोल देते की अंग आपोआप हलतं. सांगतात की रात्र झाली तरी ठेका मनासारखा बसेना आणि मग लाला गंगावणे यांना बोलावणं गेलं. मराठी ढोलकीचा हात तो! ज्या स्वप्नदृश्याचं कौतुक रशियापर्यंत झालं त्याच्या खाली आपल्या लावणीच्या मातीतली थाप आहे, आणि आपल्याकडे किती जणांना लालाभाऊ हे नाव माहीत आहे? मॅन्डोलिन डेव्हिड यांचं. राज कपूर आणि नर्गिस मात्र आपल्याला त्या दृश्यातल्या कपड्यांसकट आठवतात.

'रूप तेरा मस्ताना'मध्ये तो जो अॅकॉर्डियन आहे, श्वास घेतल्यासारखा, तो केरसी लॉर्ड यांचा आणि सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. ते दोन्ही काढून घ्या आणि नुसतं किशोरकुमारना ऐका, गाणं चांगलंच राहील पण त्या खोलीतला विस्तव विझेल. 'गाइड'मधल्या 'मोसे छल किये जाय'ला तबला कुणाचा, तर शिवकुमार शर्मांचा. हो, संतूरवाले.

आता गोव्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पोर्तुगीज काळात गोव्याच्या गावागावांत चर्चच्या शाळेत पोरांना सोलफेजो म्हणजे सूर वाचून गाणं, व्हायोलिन आणि कागदावरचं नोटेशन शिकवलं जायचं. ती पोरं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला, कलकत्त्याला, लाहोरला हॉटेलांच्या बँडमध्ये गेली, आणि चाळीसच्या दशकात सिनेमाचे ऑर्केस्ट्रा मोठे व्हायला लागले तेव्हा वाचून वाजवणारी तयार माणसं म्हणजे हीच होती. आपले बरेच संगीतकार पेटीवर चाल बांधायचे, चाल अप्रतिम असायची, पण ती पन्नास वादकांमध्ये वाटायची कशी, व्हायोलिनला काय, चेलोला काय, गाताना मागून कुठली दुसरी ओळ फिरवायची, हे लिहून काढायचं काम अरेंजरचं. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरला वाजवत होते, मग मुंबईला आले आणि शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे जी व्हायोलिनांची लाट येते ना, 'हे तर शंकर-जयकिशन' असं आपण पहिल्या दोन सेकंदांत ज्यावरून ओळखतो, ती लाट कागदावर उतरवणारा हात त्यांचा. त्याच टीममधले दत्ताराम वाडकर, त्यांच्या ढोलकच्या पद्धतीला धंद्यात 'दत्ताराम ठेका' असंच नाव पडलं. आल्डोनाचे अँतोनियो वाझ म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाले, १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीतात ते आपल्या बँडसकट चक्क पडद्यावर दिसतात. फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटर आणि अरेंजर, त्यांनी पुढे 'आमचें नशीब' हा कोकणी सिनेमा काढला.

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. व्हायोलिन वाजवायचे, शिकवायचे, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आपल्या रागांवर लिहिलेलं सिम्फनीच्या थाटाचं संगीत सादर केलं, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! काही वर्षांनी ते अमेरिकेला गेले. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला आणि प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते नाव गाण्यात घातलं. अख्खा देश ते नाव गात नाचला, अजून नाचतो, आणि त्या नावाचा एक खराखुरा माणूस आहे, तो गोव्यात आपल्या गावी राहतोय हे बहुतेकांना कळलंच नाही. २०१२ मध्ये ते गेले.

मला काही जण म्हणतात, अरे पण त्यांना शिफ्टचे पैसे मिळाले ना, काम झालं, पैसे मिळाले, आता आणखी काय पाहिजे? पैशांबद्दल मी बोलतच नाहीये. शास्त्रीय संगीतात आपली पद्धत काय आहे? आकाशवाणीवर गायन संपलं की तबल्यावर कोण होतं, हार्मोनियमवर कोण, सारंगीवर कोण हे सांगतात, त्यांनाही मानधन मिळालेलंच असतं. गावातल्या मंदिरात भजन असलं तरी बुवा पखवाजवाल्याचं नाव घेतल्याशिवाय उठत नाहीत. ही आपलीच रीत आहे, सिनेमाच्या गाण्याला आपण ती लावली नाही, इतकंच.

दुसरा आक्षेप असा की अशाने संगीतकाराचं श्रेय कमी होतं, उद्या लोक म्हणतील सगळं अरेंजरनेच केलं. ही भीती खोटी नाही, असं बोलणारे उत्साही लोक मीही बघितलेत, गोव्याचा अभिमान जरा जास्त झाला की शंकर-जयकिशनना काही येतच नव्हतं इथपर्यंत गाडी जाते, ते साफ चूक आहे. चाल ही चाल आहे. कुणाला बोलवायचं, कुठला पीस ठेवायचा आणि कुठला फेकून द्यायचा हे संगीतकारच ठरवायचा. पण चिक चॉकलेट माहीत झाल्यामुळे माझ्या मनात सी. रामचंद्र लहान झाले नाहीत, उलट पुणतांब्याच्या या माणसाने कुठून कुठले सूर उचलून आपल्या मातीत कसे रुजवले ते बघून आणखी मोठे वाटायला लागले.

तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, खात्री कशी करायची? एकाच गाण्यातल्या एकाच पीसवर तीन-तीन घरचे लोक हक्क सांगतात, म्हाताऱ्या माणसाची आठवण सरमिसळ करते, आणि एखादी चुकीची पोस्ट हजार ठिकाणी फिरली की तीच खरी होते. यावर मला एकच उपाय दिसतो, नावापुढे ते कशावरून लिहिलं तेही लिहायचं. नोटेशनच्या कागदावरून, स्टुडिओच्या व्हाउचरवरून, वादकाने स्वतः सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं, दोघांत वाद आहे, जे असेल ते. रिकामी जागा रिकामी ठेवायची. कष्टाचं काम आहे, पण अशक्य नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी तबकड्या, थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, पत्रव्यवहार असं सगळं जमवून हिंदी सिनेमातल्या गाण्यांचा कोश खंडामागून खंड उभा केला, तोही इंटरनेट नसताना. मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांना घरोघरी गाठून त्यांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी २००८ मध्ये पुस्तक काढलं. त्यांचे फार उपकार आहेत, पण ही मंडळी आपल्या दादर-माहीम-बांद्र्यात राहत होती हो, आपल्याला ट्रेनने वीस मिनिटं लागली असती.

करायचं काय, तर पहिलं म्हणजे गाण्याच्या अॅपवर गायकाच्या खाली संगीतकार-गीतकार दाखवता येतो तर अरेंजर आणि वादक यांचे दोन रकाने वाढवायला काही अडचण नसावी. जुन्या सिनेमाच्या टायटल्समध्ये थोडीफार नावं असतात, शंकर-जयकिशनच्या सिनेमांत 'असिस्टंट' म्हणून दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही नावं येतात, पण ऑनलाइन टाकताना गाणं तेवढं कापून टाकतात, कधी कधी अख्खा सिनेमाही टायटल्स उडवून टाकतात, मग होती ती नावंही गेली. निदान ती तरी परत जोडा. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हने, आता ते एनएफडीसीत म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालंय पण काम तर तेच आहे, सिनेमाच्या रिळांइतकंच वादकांच्या आठवणींनाही जपण्यासारखं समजून रेकॉर्डिंग करावं. रिळं जळतात हे पुण्याने २००३ च्या आगीत बघितलंय. माणसं तर रोजच जातात. प्रभाकर जोग गेले २०२१ मध्ये, ज्यांच्या 'गाणाऱ्या व्हायोलिन'मुळे निदान मराठी घराघरात एका वादकाचं नाव पोचलं होतं. अरेंजर अनिल मोहिले त्याआधीच गेले. त्यांच्याबरोबर वाजवलेल्यांना आज विचारलं तर अजून सांगतील.

आणि आपणही. गेल्या वर्षी आमच्या भागात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता, हॉल भरलेला, गायक-गायिका तयारीचे, निवेदन छान, प्रत्येक गाण्याआधी कवीबद्दल, संगीतकाराबद्दल चार गोष्टी. अॅकॉर्डियन वाजवणाऱ्या मुलाने असा काही पीस वाजवला की माझ्या शेजारच्या आजी "अगंबाई" म्हणून पुढे सरकून बसल्या. त्याचं नाव कधी सांगितलं, तर शेवटच्या गाण्यानंतर, लोक चपला शोधत होते तेव्हा, सात नावं एका दमात. आयोजकांना मी नंतर भेटलो, त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, पुढच्या वेळी मध्यंतराच्या आधी सांगू म्हणाले. मी म्हटलं मध्यंतराच्या आधी नको, ज्या गाण्यात तो पीस येतो त्या गाण्याआधी सांगा, म्हणजे लोक तो पीस ऐकतील.

काकांकडे मी हे सगळं विचारायला हवं होतं. 'आता आम्ही' ऐकून मी हसलो, मग खाली क्रिकेट खेळायला गेलो. पुढे ते वारले, जागा रिकामी झाली, व्हायोलिन नातेवाइकांनी नेलं आणि कपाटावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातले आडव्या पाच रेघांचे कागद रद्दीत गेले, मी स्वतः जिन्यात ते गठ्ठे बघितले होते आणि मला ते काय आहेत हे कळलं नव्हतं. त्यावर तारखा असतील, सिनेमांची नावं असतील, अरेंजरची सही असेल.

सध्या मी एक वही केलीय. डावीकडे गाणं, मग वाद्य, मग नाव, शेवटी कुठून कळलं. 'रसिक बलमा'समोर काकांचं नाव मी पेन्सिलने लिहिलंय, कारण त्यांनी फक्त दोन शब्द सांगितले आणि चार बोटं हलवली, तेवढ्यावरून शाईने लिहिता येत नाही. त्या रेकॉर्डिंगला व्हायोलिनच्या रांगेत बसलेलं कुणी, किंवा त्यांच्या घरचं कुणी, ज्यांच्याकडे एखादी वही, फोटो, व्हाउचर उरलं असेल, अशांना मी शोधतोय.